ईएन ८ च्या पिनांना झिंक करावं का निकेल का ब्लॅकोडायझिंग: गेज न जाणं आणि पांढरं येणं याबद्दल सविस्तर

वाळूजच्या एका तरुण कारखानदारानं विचारलंय, प्रश्न थोडक्यात सांगतो. त्यांच्या दोन सीएनसी लेथ आहेत, ईएन ८ च्या, म्हणजे मध्यम कार्बनच्या स्टीलच्या, पिना बनवतात, एका टोकाला एम १० गुणिले १.५ चा थ्रेड ६ जी टॉलरन्सचा (टॉलरन्स म्हणजे साइजला दिलेली सूट), मधला शँक, म्हणजे दांडा, २५ मिमी स्मॉल एच ७. प्लेटिंगबद्दल ड्रॉइंगवर एकच ओळ, "झिंक प्लेटिंग ८ ते १२ मायक्रॉन". प्लेटिंगला जायच्या आधी थ्रेडवर फिरवून तपासायचं रिंग गेज सरळ जातं, माल परत आला की अडकतं. वरून पावसाळा लागला की डब्यातच पिनांवर पांढरी भुकटी यायलीय, आणि प्लेटिंगला जायच्या आधीच काही पिनांवर तांबूस डाग पडायलेत. एक जण म्हणतो निकेल करा, दुसरा म्हणतो ब्लॅकोडायझिंग, म्हणजे काळा थर, करा, स्वस्तात होतं. तर नेमकं कोणतं कोटिंग घ्यावं?

दादा, आधी उत्तर देतो मग कारणं. कोटिंग बदलू नका, झिंकच बरोबर आहे. तुमची तिन्ही दुखणी झिंकमुळं नाहीत, प्लेटिंगच्या आधीची तयारी आणि नंतरचं धुणं-वाळवणं नीट झालेलं नाही त्यामुळं आहेत. आपल्याकडं सवय अशी पडलीय की जॉब तयार झाला, इन्स्पेक्शन झालं, मग तो क्रेटमध्ये टाकून टेम्पोनं प्लेटिंगवाल्याकडं धाडायचा आणि तिथून पुढं जे होईल ते त्याचं. पण प्लेटिंग हे टर्निंग-ग्राइंडिंगसारखंच एक ऑपरेशन आहे, ते साइज बदलतं, त्यामुळं प्रोसेस शीटवर त्याची जागा पहिल्या दिवशीच ठरवावी लागते आणि आधीच्या ऑपरेशनचे साइज त्याच्यावरून मागं मोजत यावे लागतात.

थ्रेडचं बघा. सपाट पृष्ठभागावर ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) चढलं की एका बाजूनं ८ वाढतं, गोल डायावर दोन्ही बाजू धरून १६. थ्रेडचा फ्लँक, म्हणजे आट्याची बाजू, मात्र तिरका असतो, ६० अंशाच्या थ्रेडमध्ये कोटिंग फ्लँकला काटकोनात चढतं आणि पिच डायामध्ये, म्हणजे आट्याच्या साधारण मध्यावर मोजलेल्या डायामध्ये, ते चौपट होऊन दिसतं. म्हणजे ८ मायक्रॉनला पिच डाया ३२ नं वाढतो आणि १२ मायक्रॉनला ४८ नं. आता एम १० ला ६ जी टॉलरन्समध्ये वरून जी जागा सोडलेली असते ती नेमकी ३२ मायक्रॉन आहे, बेसिक पिच डाया ९.०२६ आणि ६ जी चा कमाल ८.९९४. म्हणजे कमाल साइजवर कापलेला थ्रेड ८ मायक्रॉनपर्यंत कसाबसा बसतो, १२ ला बसणारच नाही. तुमच्या ड्रॉइंगवर ६ जी आणि ८ ते १२ एकत्र लिहिलेत, आणि तुमचा ऑपरेटर इन्सर्ट जास्त दिवस चालावा म्हणून थ्रेड वरच्या लिमिटला ठेवत असणार, गेज जरा घट्ट गेलं तरी ओके म्हणून. त्यात प्लेटिंगवाल्याची काही चूक नाही, त्यानं ११ मायक्रॉन दिलं तर ते ड्रॉइंगप्रमाणंच दिलंय.

दुसरी गोष्ट गेजची, आणि इथं बऱ्याच चांगल्या क्वालिटीवाल्यांचाही घोळ होतो. ६ जी ची जागा कोटिंगसाठीच सोडलेली असते. त्यामुळं नियम असा की प्लेटिंगच्या आधी ६ जी चं गो गेज (जे जायलाच पाहिजे ते) लावायचं आणि प्लेटिंग झाल्यावर ६ एच चं गो गेज, तेही स्मॉल एच. म्हणजे कोटिंगसकट थ्रेड बेसिक लाइनच्या वर जाऊ नये एवढंच बघायचं. तुम्ही प्लेटिंगनंतरही तेच ६ जी चं रिंग लावताय, आणि कदाचित तुमच्या ग्राहकाचा इनवर्डवाला, म्हणजे आलेला माल तपासणारा, पण तेच करत असेल. त्यांच्याशी हे आधी लेखी ठरवून घ्या, फोनवर नको. काही ग्राहक अडून बसतात की प्लेटिंगनंतरसुद्धा ६ जी च पाहिजे, मग वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा थ्रेड बारीक कापा. तुमच्या पिनेला पिच डाया ८.८८ ते ८.९२ मध्ये धरा, थ्री वायरनं किंवा थ्रेड मायक्रोमीटरनं मोजून. ६ जी चा किमान ८.८६२ आहे म्हणजे खालून नो-गोचा (जे जायलाच नको त्या गेजचा) प्रश्न येत नाही, आणि १२ मायक्रॉन चढलं तरी जास्तीत जास्त ८.९६८ होतो, म्हणजे ६ जी चं गो गेजसुद्धा जातं. बॅरलमध्ये, म्हणजे सगळा माल एकत्र फिरवणाऱ्या पिंपात, पहिल्या दोन-तीन आट्यांवर झिंक जास्त बसतं, तिथं १८ पर्यंत गेलं तरी निभावतं. मशीनवरचा साइजचा एवढा एक ऑफसेट बदलला की गेज अडकणं थांबेल, निकेलची गरज नाही.

आता शँक. २५ ला स्मॉल एच ७ म्हणजे २५.००० ते २४.९७९, एकूण २१ मायक्रॉन. प्लेटिंगनं डाया १६ ते २४ नं वाढणार. मग ग्राइंडिंगला साइज द्यायचा २४.९६३ ते २४.९७६, तो का ते स्वतः मांडून बघा, खालच्या टोकाला १६ मिळवा वरच्या टोकाला २४ मिळवा, बरोबर २४.९७९ आणि २५.००० येतं. ग्राइंडिंगवाल्याला २१ च्या जागी १३ मायक्रॉनच उरतात, पण सेंटरलेस ग्राइंडरवर ते निघतात. हेच जर एच ६ असतं तर ग्राइंडरला फक्त ५ मायक्रॉन उरले असते, असल्या ठिकाणी ग्राहकाला स्पष्ट विचारायचं की फिटिंगच्या डायावर प्लेटिंग खरंच पाहिजे का, तिथं मास्किंग केलं, म्हणजे तो भाग झाकून ठेवला, आणि तेल लावून दिलं तर चालेल का. ड्रॉइंगवरचा साइज प्लेटिंगच्या आधीचा का नंतरचा हे पण लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर अशा फिटिंगच्या डायाचा साइज नंतरचा धरायचा, सहसा तसंच धरलं जातं.

बॅरल का जिग, म्हणजे एकेक पार्ट टांगून, हे प्लेटिंगवाला त्याच्या सोयीनं ठरवतो. छोटे बोल्ट-वॉशर बॅरलमध्ये ठीक आहेत पण २५ डायाच्या जड पिना बॅरलमध्ये एकमेकींवर आपटतात, थ्रेडवर ठोके बसतात आणि गेज अडकायचं ते पण एक कारण असतं. परत आलेल्या मालात थ्रेडच्या शेंड्यावर चपटे डाग दिसतात का बघा, दिसले तर जिगवर करून मागा, पैसे थोडे जास्त जातील. आणि प्लेटिंगवाल्याला विचारा बाथ कोणती, अॅसिड झिंक का अल्कलाइन. अॅसिड झिंक पटकन चढतं आणि आरशासारखं चमकतं, कास्ट आयर्नवर तर तीच चांगली बसते, पण कडा आणि टोकांवर जाड आणि खाचेत पातळ असं होतं. अल्कलाइन नॉन-सायनाइड हळू चढते, चमक जरा कमी, पण जाडी सगळीकडं बरीच सारखी येते. थ्रेड आणि फिट दोन्ही असलेल्या जॉबला मी अल्कलाइनच सांगतो. ग्राहकाला चमक आवडते हे खरं, तरी पार्ट असेंब्लीत बसणं जास्त महत्त्वाचं.

निकेलचं का नको म्हणायलो ते सांगतो. झिंक लोखंडापेक्षा जास्त सक्रिय धातू आहे, त्यामुळं ओरखडा पडून खालचं लोखंड उघडं पडलं तरी आधी झिंक झिजतं आणि लोखंड वाचतं. निकेलचं उलटं, निकेल लोखंडापेक्षा कमी सक्रिय, त्यामुळं निकेलच्या थरात सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी त्या छिद्रातलं लोखंड वेगानं गंजतं आणि आतून खड्डा पडत जातो. बाहेरून पार्ट चकाचक दिसतो आणि मधेच एक लाल ठिपका. ५-७ मायक्रॉनचं निकेल मारून गंज थांबेल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. इलेक्ट्रोलेस निकेल, ज्याला आपल्याकडं केमिकल निकेल म्हणतात, ती वेगळी आणि खरंच सुंदर प्रोसेस आहे. १९४६ साली अमेरिकेत ब्रेनर आणि रिडेल या दोघांनी ती काढली, त्यात करंट लागत नाही, साधारण ९० अंशाच्या बाथमध्ये रासायनिक क्रियेनंच थर चढतो, म्हणून बोअरच्या आत, थ्रेडच्या मुळाशी, कोपऱ्यात सगळीकडं जाडी सारखी. फॉस्फरस १० टक्क्यांच्या वर असलेली हाय फॉस आणि जाडी २५ मायक्रॉनच्या आसपास असेल तर गंजाला भारी टिकते. ४०० अंशाला तासभर हीट ट्रीटमेंट दिली तर हार्डनेस ९०० विकर्सच्या पुढं जातो, पण तेव्हा थराला बारीक तडे जाऊन गंजरोधकपणा कमी होतो, म्हणजे हार्ड पाहिजे का गंजाला टिकणारी पाहिजे ते आधी ठरवायचं. पंपाचे, व्हॉल्व्हचे पार्ट, ज्यात बोअरचा साइज सांभाळायचाय, तिथं ती घ्या. तुमच्या पिनेला तो खर्च परवडणारा नाही आणि गरजही नाही.

ब्लॅकोडायझिंगबद्दल लोकांचा लईच गैरसमज आहे. ते कोटिंग म्हणायचं तर लोखंडाच्याच पृष्ठभागाचं मॅग्नेटाइट होतं, १४० अंशाच्या आसपास उकळत्या कॉस्टिक आणि नायट्रेटच्या द्रावणात. थर एक-दीड मायक्रॉनचा, म्हणून साइज बदलत नाही आणि टूलरूमवाल्यांना, फिक्श्चरवाल्यांना ते फार आवडतं, आणि त्यांच्या कामाला ते योग्यच आहे. पण गंजापासून जे संरक्षण मिळतं ते जवळजवळ सगळं वर लावलेल्या तेलाचं असतं. तेल पुसलं की संपलं. फॉस्फेटिंगचंही असंच, त्याचे बारीक क्रिस्टल तेल धरून ठेवतात, वातीनं तेल धरावं तसे, कोरडं फॉस्फेट मात्र पावसाळ्यात लगेच तांबूस होतं. मँगनीज फॉस्फेट गिअरला, कॅमला, पिस्टनला रनिंग-इनसाठी मारतात आणि झिंक फॉस्फेट पेंटच्या खाली किंवा कोल्ड फोर्जिंगच्या आधी, ती त्यांची खरी जागा. ज्या पिना उघड्यावर, ट्रॅक्टरच्या मागं, ट्रॉलीला लागणार आहेत त्यांना ब्लॅकोडायझिंग देऊ नका, एका पावसात गेल्या.

आता पांढऱ्या भुकटीकडं येतो, मला या प्रश्नातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथं आपल्या मराठवाड्याचं पाणी मधे येतं. ती भुकटी म्हणजे झिंकचाच गंज, व्हाइट रस्ट म्हणतात तो. उघड्या हवेत झिंकवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळं कार्बोनेटचा घट्ट थर बनतो आणि तो झिंकला वाचवतो. पण पिना ओल्या असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत एकावर एक कोंबल्या की दोन पिनांच्या फटीत पाणी राहतं, हवा पोचत नाही, तो घट्ट थर बनत नाही आणि झिंकचं हायड्रॉक्साइड होऊन पांढरं पडत जातं. त्यात त्या पाण्यात क्लोराइड असेल तर अजूनच जोरात.

तर पाणी. आपल्याकडं वाळूज-चिकलठाण्याला एमआयडीसीचं जायकवाडीचं पाणी आहे तोवर बरं असतं, पण उन्हाळ्यात कपात लागली की छोटे प्लेटिंगवाले टँकरवर येतात आणि टँकर बोअरवरून भरलेला असतो. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी जड, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, जास्त, आणि दुष्काळी वर्षात पातळी खाली गेली की अजून जड. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, अशा वर्षात लोकांना प्यायला पाणी नाही तिथं रिन्सिंगला, म्हणजे माल धुवायला, कुठून येणार, मग प्लेटिंगवाला तीन रिन्सच्या जागी एक करतो, तेच पाणी दिवसभर वापरतो. त्याचीही अडचण समजून घेतली पाहिजे. पण झिंक कितीही चांगलं चढलं तरी शेवटच्या रिन्समध्ये क्षार आणि आधीच्या बाथचं अॅसिड पिनेवर वाळलं की तेच पुढं पांढरं पडायचं बी असतं. म्हणून प्लेटिंगवाला निवडताना मी बाथ बघायच्या आधी त्याच्या रिन्सच्या टाक्या बघतो. पॅसिव्हेशननंतरची (झिंक वाचवायला त्यावर चढवतात त्या रासायनिक थरानंतरची) शेवटची टाकी आरओ किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याची आहे का, आणि टाक्या उलट्या प्रवाहानं जोडल्यात का म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत येऊन तिथून मागं मागं जातं, असं केलं तर थोड्या पाण्यात जास्त स्वच्छ रिन्स होतो. पाणीटंचाईच्या भागात तर हे प्रत्येकानं करायलाच पाहिजे.

त्यानंतर वाळवणं. पिना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गरम हवेनं पूर्ण वाळल्या पाहिजेत, पण फार तापवायच्या पण नाहीत, जुन्या हेक्साव्हॅलंट क्रोमियमच्या पॅसिव्हेशनचा थर ६०-६५ अंशाच्या वर गेला की तडकतो. ट्रायव्हॅलंट क्रोमियमचं जरा जास्त उष्णता सोसतं. पॅसिव्हेशनचा थर ताजा असताना मऊ असतो, एक दिवस तरी जाऊ द्यावा मग त्याची टेस्ट लावावी. संध्याकाळी सहाला प्लेटिंग झालं, सातला गरम गरम पिशवीत बांधलं आणि आठला टेम्पो निघाला, असं चाललं असेल तर पिशवीच्या आत घाम सुटणारच. पिना खोलीच्या तापमानाला येऊ द्या, व्हीसीआय, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या, कागदात किंवा व्हीसीआय पिशवीत भरा, साध्या पुठ्ठ्यात थेट ठेवू नका, पुठ्ठा ओल धरतो.

प्लेटिंगला जायच्या आधी जे तांबूस डाग येतात ते कूलंटचे आणि हाताचे. मे महिन्यात आपली हवा कोरडीठाक असते तेव्हा काही होत नाही, जूनमध्ये आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड गंजायला लागतं. कूलंटचं प्रमाण अंदाजानं बादलीनं टाकू नका, रिफ्रॅक्टोमीटर घ्या, महाग नसतो, आणि पीएच ८.५ ते ९.५ मध्ये ठेवा. बोअरचं पाणी टाकीत घालत राहिलात की पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, दोन महिन्यांत त्या कूलंटमध्ये एवढे क्लोराइड होतात की कूलंटच गंज धरवतं. मशीनवरून उतरलेली पिन त्याच दिवशी धुऊन पाणी बाजूला सारणाऱ्या, म्हणजे डीवॉटरिंगच्या, पातळ रस्ट प्रिव्हेंटिव्हमध्ये बुडवा, जाड ग्रीस किंवा जळालेलं ऑइल नको, ते प्लेटिंगवाल्याच्या डीग्रीझिंगमध्ये निघत नाही. क्लोरिनेटेड किंवा गंधक असलेलं कटिंग ऑइल वापरत असाल तर त्याला आधी सांगून ठेवा. आणि ज्या पिनेवर गंज आला ती निघून जाईल म्हणून पाठवू नका, अॅसिडमध्ये गंज निघतो पण खाली खड्डे राहतात, झिंक खड्डे भरत नाही, उलट खड्डा जास्त दिसतो.

तेल निघालं का नाही हे बघायची एक जुनी चाचणी आहे, कुठलंही उपकरण नको. साफ केलेली पिन स्वच्छ पाण्यातून काढून तिरकी धरायची. पाण्याचा पातळ पडदा अर्धा मिनिट सलग राहिला तर साफ आहे, पडदा फाटून थेंब थेंब झाले तर तिथं तेल आहे. त्या ठिकाणी झिंक चढेलसुद्धा, पण पापुद्रा धरून निघेल. प्लेटिंगवाल्याच्या लाइनवर उभं राहून त्याला ही चाचणी करायला सांगा, तो करत असेल तर माणूस कामाचा आहे.

हे पुढचं ईएन ८ च्या तुमच्या पिनेला लागू नाही, पण उद्या तुम्ही ईएन २४ हार्डन केलेल्या, केस हार्डन पिना, स्प्रिंग, सर्क्लिप घेणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवायलो. अॅसिड पिकलिंगमध्ये आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन तयार होतो आणि स्टीलमध्ये शिरतो. मऊ स्टीलला फरक पडत नाही. पण हार्डनेस ३९ रॉकवेल सी च्या वरचं कडक स्टील असेल तर पार्ट तपासणीत पास होतो, असेंब्लीत टॉर्क घेतो, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नुसत्या ताणाखाली काच फुटल्यागत तुटतो. तो पार्ट कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये, कुणाच्या तरी उचलायच्या हुकात असतो हे ध्यानात ठेवा. उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशाला बेकिंग, कमीत कमी चार तास आणि हार्डनेस जास्त असेल तशी वेळ वाढवत जायची, आणि पॅसिव्हेशन बेकिंगच्या नंतर करायचं, आधी केलं तर जळून जातं. पिकलिंगच्या जागी शॉट ब्लास्टिंग करून घ्या. १२.९ ग्रेडच्या, म्हणजे फार कडक, बोल्टला तर मी इलेक्ट्रोप्लेटिंग नकोच म्हणतो, त्याला झिंक फ्लेक कोटिंग आहे, ज्यात अॅसिड आणि करंट दोन्ही नाहीत, साधारण ३०० अंशाला भाजून बसवतात. चलनावर मटेरियल आणि हार्डनेस लिहिलेला नसला तर प्लेटिंगवाल्याला हे कळायचा काही मार्गच नसतो, आणि आपल्याकडं चलनावर "पिन, ५०० नग, झिंक" एवढंच लिहून पाठवतात.

तर चलनावर आणि पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, काय लिहायचं. मटेरियल, हार्डनेस, कमीत कमी जाडी आणि ती कुठं मोजायची ते. बॅरलमधल्या पिनेचं टोक मोजलं तर १४ दिसेल आणि मधला शँक ६, म्हणून मोजायची जागा ड्रॉइंगवर खूण करून द्या. पॅसिव्हेशन निळं, पिवळं का काळं, आणि ट्रायव्हॅलंटच पाहिजे हे स्पष्ट. युरोपात गाड्यांच्या पार्टसाठी हेक्साव्हॅलंट क्रोमियम जुलै २००७ पासून बंद आहे, आणि आपल्या इथले वाहनवाले निर्यात करतात म्हणून त्यांच्या सगळ्या सप्लायरना ते लागू होतं. सॉल्ट स्प्रेचे तास लिहायचे तर दोन वेगळे लिहा, पांढरं कधी आणि लाल कधी. ८ मायक्रॉन झिंक आणि चांगलं ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन असेल तर ७२ ते ९६ तास पांढरं येऊ नये, वर सीलर असेल तर अजून जास्त मिळतात. ग्राहक ७२० तास लाल गंज नको म्हणत असेल तर तो साध्या झिंकचा विषय राहत नाही, झिंक-निकेल घ्या, १२ ते १५ टक्के निकेलचं. आणि ही टेस्ट ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात ३५ अंशाला बंद पेटीत होते, तिच्या तासांवरून शेतात किती वर्षं टिकेल हे काढता येत नाही, कुणी काढून दिलं तर विश्वास ठेवू नका. ती लॉट टू लॉट तुलना करायला आहे. जाडीचं म्हणाल तर एएसटीएम बी ६३३ या अमेरिकन मानकात ५, ८, १२ आणि २५ मायक्रॉन असे चार टप्पे आहेत, ५ घरातल्या कोरड्या जागेला, २५ एकदम खराब हवेला.

शेतीअवजारांचं काम आपल्याकडं खूप आहे म्हणून एक गोष्ट. पेरणीयंत्राच्या खताच्या पेटीतले पार्ट झिंक करून देतात आणि एका हंगामात पांढरे होऊन अडकतात. अमोनियाचे क्षार असलेलं ओलं खत झिंकला खातं, झिंक फार आम्ल आणि फार अल्कली दोन्हीत विरघळतो. तिथं १२ च्या जागी २५ मायक्रॉन करून काही साधत नाही, खताला लागणारा भाग स्टेनलेसचा किंवा प्लॅस्टिकचा करा आणि बाहेरच्या पिना-बोल्टला झिंक ठेवा. शेतकऱ्याचा पेरणीचा वाफसा दोन-चार दिवसांचा असतो, त्यात यंत्र अडकलं तर त्याचा हंगाम जातो.

अॅल्युमिनियम आणि हार्ड क्रोमचं इथं थोडक्यात. अॅनोडायझिंगचा थर काही आत जातो काही बाहेर वाढतो, हार्ड अॅनोडायझिंगला साधारण निम्मा बाहेर धरून साइज ठेवा, आणि जास्त सिलिकॉनच्या कास्टिंगवर ते काळपट आणि डागाळ येणार हे ग्राहकाला आधीच दाखवून द्या. हार्ड क्रोम घासण्याला उत्तम पण त्याला बारीक तडे असतातच, उघड्यावरच्या सिलिंडर रॉडला नुसत्या क्रोमवर गंज थांबत नाही, खाली निकेल लागतं.

प्लेटिंगवाला निवडताना दरासोबत त्याचं प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र आणि त्याचं पाणी कुठं जातं ते बघा. मी हे कागदपत्रासाठी म्हणत नाही. हेक्साव्हॅलंट क्रोमियमनं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि रात्री नाल्यात सोडलेलं पाणी शेजारच्या गावाच्या बोअरमध्येच उतरतं, खाम नदी पुढं गोदावरीलाच मिळते. किलोमागं रुपया-दोन रुपये कमी घेणारा बऱ्याचदा ते इथंच वाचवत असतो. असला माल आपण घेऊ नये.

शेवटी तुमचा जो लॉट अडकून पडलाय त्याचं. आधी ६ एच चं गो रिंग मिळवा, सगळा लॉट त्यानं तपासा, माझा अंदाज आहे बराचसा पास होईल, आणि तो ग्राहकाच्या लेखी परवानगीनं जाऊ शकतो. जे जात नाहीत त्यांच्यावर डाय फिरवू नका, बरेच जण ते करतात, गेज जातं पण फ्लँकवरचं झिंक खरवडून निघतं आणि थ्रेड सगळ्यात आधी गंजतो. त्या पिना पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये स्ट्रिप करून घ्या, ईएन ८ मऊ आहे तोवर हायड्रोजनची भीती नाही, इनहिबिटर टाकायला सांगा आणि झिंक गेल्या गेल्या बाहेर काढा. मग लेथवर थ्रेडला पुन्हा पकडून पिच डाया ८.९० च्या आसपास आणा, शँकचा डाया मोजा, वरच्या लिमिटला असेल तर २४.९७६ पर्यंत ग्राइंड करा, आणि जिगवर अल्कलाइन झिंक करून मागा. पूर्ण लॉट लगेच पाठवू नका, आधी दहा-वीस पिना पाठवा, त्यांच्यावर जायच्या आधी पंच करून नंबर टाका आणि शँकचे साइज वहीत लिहा, परत आल्यावर त्याच नंबरांवर तिथंच पुन्हा मोजा. दोन आकड्यांतल्या फरकाच्या निम्मी तुमची जाडी, जाडी मोजायचा मीटर नसला तरी मायक्रॉनपर्यंत मोजणारा मायक्रोमीटर असेल तर चालतं. त्या पिना व्हीसीआय पिशवीत आठवडाभर शॉपमध्येच ठेवा आणि पांढरं येतंय का बघा, मगच बाकीचा माल टेम्पोत चढवा.